ताऱ्यांचं गुरुत्व आणि रसायन वर्णपटावरून कसं मोजतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताऱ्यांच्या वर्णपटांवर, म्हणजे ताऱ्याचा प्रकाश रंगांत फोडून मिळणाऱ्या पट्ट्यांवर, बोलायला गेलो की व्याख्यान संपल्यावर चहाच्या टेबलाशी तेच ते प्रश्न येतात, आणि दुसऱ्या दिवशी फोनवर पुन्हा. विचारणारे कधी एम.एस्सी.चे विद्यार्थी, कधी आकाशदर्शनाला जाणारी मंडळी, कधी निवृत्त शिक्षक. त्यांचे प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. आधी सोपे, पुढे पुढे अडवणारे. एकाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. इतक्या लांबच्या ताऱ्यात लोखंड आहे की आणखी काही, हे इथे बसून कसं कळतं?

स्वयंपाकघरात गॅसच्या निळ्या ज्योतीवर चिमूटभर मीठ भुरभुरवून पाहा. ज्योत क्षणभर पिवळीधमक होते. तो पिवळा सोडियमचा, आणि तो कायम ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर या दोन तरंगलांबींवरच असतो, मग मीठ मिठागरातलं असो की सैंधव. प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूचे असे रंग ठरलेले असतात. तापलेला विरळ वायू ते रंग बाहेर टाकतो. पण त्याच्या मागून जास्त तापलेल्या स्रोताचा प्रकाश येत असेल, तर नेमके तेच रंग गिळतो. ताऱ्याच्या बाबतीत आतला तप्त थर म्हणजे तो स्रोत आणि वरचा जरा थंड थर म्हणजे तो वायू. म्हणून वर्णपटात काळ्या शोषणरेषा दिसतात.

फ्राउनहोफरने १८१४ मध्ये सूर्याच्या वर्णपटात अशा पाचशेहून जास्त रेषा नोंदल्या, पण त्या कशामुळे आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. ते कोडं किरखॉफ आणि बुन्सेन यांनी १८५९-६० मध्ये हायडेलबर्गला सोडवलं. 'कोणती' मूलद्रव्यं आहेत हे तेव्हापासून सांगता येऊ लागलं. 'किती' हे सांगायला आणखी पासष्ट वर्षं गेली. का, ते प्रश्न ६ मध्ये.

२. पृष्ठीय गुरुत्व म्हणजे काय? आणि सगळीकडे 'लॉग जी' असंच का लिहितात?

ताऱ्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागापाशी एखादी वस्तू सोडली, तर दर सेकंदाला तिचा वेग जेवढा वाढेल तेवढं तिथलं गुरुत्व. वस्तुमान जास्त तर गुरुत्व जास्त; त्रिज्या दुप्पट झाली तर गुरुत्व चौपट कमी. पृथ्वीवर ते ९.८, सूर्यावर २७४ मीटर प्रतिसेकंद वर्ग, म्हणजे अठ्ठावीस पट.

खगोलवाल्यांनी जुन्या सवयीने सेंटिमीटर सोडलेला नाही. सूर्याचे २७४ मीटर म्हणजे २७,४०० सेंटिमीटर, आणि त्याचा लॉग (म्हणजे तो आकडा दहाचा कितवा घात आहे ते) ४.४४. पृथ्वीचा निघतो २.९९. आर्द्रेसारख्या महाराक्षसी, म्हणजे प्रचंड फुगलेल्या ताऱ्याचा शून्याच्या आसपास, तर व्याधाच्या श्वेत बटू (विझलेल्या ताऱ्याचा उरलेला लहानसा घट्ट गाभा) जोडीदाराचा साडेआठच्या पुढे. एवढा पसारा साध्या आकड्यांत लिहिणं गैरसोयीचं, म्हणून लॉग. आकडा १ ने उतरला की गुरुत्व दहा पट उतरलं.

दर वर्षी एखादा विद्यार्थी मीटरमध्येच लॉग घेतो आणि सूर्याला २.४४ देऊन बसतो. तो आकडा राक्षसी ताऱ्याचा आहे.

स्वातीचं गणित करून पाहा. वस्तुमान सूर्याच्या १.०८ पट, त्रिज्या २५.४ पट. २५.४ चा वर्ग ६४५. म्हणजे गुरुत्व सूर्याच्या सहाशेव्या हिश्श्याएवढं, लॉग जी १.६६. मीटरमध्ये जेमतेम अर्धा. चंद्रावरच्या गुरुत्वाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी!

३. तारा म्हणजे वायूचा गोळा. त्याला पृष्ठभाग कुठून आला?

ज्या थरातून प्रकाश सुटून आपल्याकडे येतो तो पृष्ठभाग धरायचा. सूर्यात हा थर सुमारे पाचशे किलोमीटर जाड आहे, आणि त्रिज्या जवळपास सात लाख किलोमीटर. त्यामुळे त्या थरात खाली-वर कुठेही गुरुत्व तेच, असं बिनधास्त म्हणता येतं. आर्द्रेसारख्या फुगलेल्या ताऱ्यांत मात्र ही सोय राहत नाही. तिथे वातावरणाची जाडी त्रिज्येच्या मानाने दुर्लक्ष करण्याजोगी नसते.

४. सोडियमची रेषा असते, लोखंडाची असते. गुरुत्वाची तर रेषा नसते. मग ते दिसतं कशात?

दाबात. गुरुत्व जास्त असेल तर वरचा थर स्वतःच्याच वजनाने दाबला जातो, वायू दाट होतो आणि अणू सतत एकमेकांना धक्के देत राहतात. धक्के खाणाऱ्या अणूचा रंग जरा इकडेतिकडे सरकतो आणि रेषा पसरट होते. राक्षसी ताऱ्यात गुरुत्व कमी, वायू विरळ, म्हणून रेषा धारदार.

ही गोष्ट पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आली? हार्वर्डच्या अँटोनिया मॉरी यांच्या. काही ताऱ्यांचं तापमान इतरांसारखंच असूनही रेषा विलक्षण बारीक आहेत हे पाहून, १८९७ च्या आपल्या वर्गवारीत त्यांनी अशा ताऱ्यांना 'सी' हे वेगळं अक्षर दिलं. वेधशाळेत त्याचं फारसं कौतुक झालं नाही. पुढे १९०५ मध्ये हर्ट्झस्प्रुंगने दाखवलं की हे 'सी' तारे प्रचंड तेजस्वी, म्हणजे आकाराने प्रचंड आहेत. आज ताऱ्याच्या प्रकारापुढे रोमन एक ते पाच हे आकडे लावतात, त्यांचं मूळ मॉरीबाईंच्या त्या एका अक्षरात आहे.

व्यवहारात मॅग्नेशियमचं ५१६.७ ते ५१८.४ नॅनोमीटरमधलं त्रिकूट फार उपयोगी पडतं. सूर्यासारख्या ताऱ्यात या रेषांना दोन्ही बाजूंनी रुंद पंख असतात. त्या पंखांचा आकार गुरुत्व सांगतो. अभिजितसारख्या गरम ताऱ्यांत तेच काम हायड्रोजनच्या रेषा करतात.

एक वेगळा, जवळजवळ जादूचा वाटावा असा मार्ग ऑलिन विल्सन आणि आपले वेणू बाप्पू यांनी १९५७ मध्ये मांडला. थंड ताऱ्यांत कॅल्शियमच्या 'के' रेषेच्या तळाशी एक छोटा उजळ उंचवटा असतो. तारा जितका तेजस्वी तितका हा उंचवटा रुंद, मग तारा बटू असो वा महाराक्षसी. गुरुत्वाने पसरणाऱ्या रेषांच्या बरोबर उलटं वागणं! आणखी एक मार्ग आहे आणि सर्वांत जास्त वापर त्याचाच होतो. त्याला स्वतंत्र प्रश्न दिला आहे.

५. 'लोह-१ आणि लोह-२ यांचा समतोल साधून लॉग जी काढला' असं वाचलं. हे काय प्रकरण आहे?

लोह-१ म्हणजे सगळे इलेक्ट्रॉन शाबूत असलेला लोखंडाचा अणू, लोह-२ म्हणजे एक गमावलेला. दोघांच्या रेषा वेगळ्या. सूर्याच्या वातावरणात लोखंडाच्या दहा अणूंतले नऊ किंवा जास्तच लोह-२ अवस्थेत असतात.

आता गुरुत्व कमी करा. दाब उतरतो, मोकळे इलेक्ट्रॉन विरळ होतात. हरवलेला इलेक्ट्रॉन परत मिळणं अवघड, म्हणून लोह-१ ची आधीच लहान असलेली संख्या आणखी घटते. मग त्याच्या रेषा फिक्या व्हायला हव्यात, नाही का? होत नाहीत. कारण आपण या वायूत किती खोल बघू शकतो हे ठरतं ऋण हायड्रोजनवर, म्हणजे एक जादा इलेक्ट्रॉन चिकटलेल्या हायड्रोजनवर. हे त्या वातावरणातलं धुकं. इलेक्ट्रॉन विरळ झाले की धुकंही त्याच प्रमाणात विरतं आणि आपल्याला जास्त जाडीचा थर दिसू लागतो. लोह-१ जेवढं घटलं तेवढं धुकंही घटलं, हिशेब बरोबरीत.

लोह-२ चं काय? ते आधीच जवळपास पूर्ण होतं, त्यात भर पडायला जागा नाही. पण धुकं विरल्याचा फायदा त्याला मिळतो, आणि रेषा ठळक होतात. आंबोली घाटात धुकं उठलं की समोरच्या डोंगरावरची झाडं वाढत नाहीत, दिसायला मात्र जास्त लागतात. तसंच.

म्हणजे लोह-१ गुरुत्वाकडे जवळपास दुर्लक्ष करून लोखंड किती ते सांगतं, आणि लोह-२ गुरुत्वासकट सांगतं. गणितात चुकीचं गुरुत्व घातलं की दोघांची उत्तरं जुळत नाहीत. स्वातीला सूर्याचं ४.४४ देऊन बघा: लोह-२ खूप जास्त लोखंड असल्याची बतावणी करेल. दोन्ही उत्तरं एक होईपर्यंत लॉग जी खाली सरकवत जायचं. जिथे जुळलं तिथे थांबायचं. हा झाला समतोल.

६. रेषा जितकी ठळक तितकं ते मूलद्रव्य जास्त, इतकं सरळ का नसतं?

सूर्याच्या दृश्य वर्णपटात सर्वांत ठसठशीत रेषा कॅल्शियमच्या, एच आणि के. प्रत्यक्षात साडेचार लाख हायड्रोजन अणूंमागे कॅल्शियमचा एक अणू आहे. हायड्रोजनच्या दिसणाऱ्या रेषा उमटायला अणू आधी दुसऱ्या ऊर्जापातळीवर चढलेला लागतो, आणि सूर्याच्या ५,७७२ केल्विनला वीस कोटींत एखादाच हायड्रोजन अणू तिथे असतो. कॅल्शियम मात्र त्या तापमानाला नेमक्या हव्या त्या अवस्थेत हजर. म्हणजे रेषेची ठळकता आधी तापमान सांगते, मग दाब, आणि या दोघांचा हिशेब चुकता केल्यावर संख्या.

हा हिशेब कसा करायचा ते मेघनाद साहांनी १९२० मध्ये आयनीभवनाच्या समीकरणातून दाखवलं. ते समीकरण घेऊन सेसिलिया पेन यांनी १९२५ च्या प्रबंधात ताऱ्यांचं रसायन मोजलं आणि उत्तर आलं: तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे. तोवर सगळे समजत होते की तारे साधारण पृथ्वीसारख्याच द्रव्याचे असतील. हेन्री नॉरिस रसेल या मोठ्या माणसाने हे अशक्य ठरवलं, आणि पेन यांना आपलं उत्तर बहुधा खरं नसावं असं प्रबंधात लिहावं लागलं. चार वर्षांनी रसेल दुसऱ्या वाटेने त्याच उत्तरावर पोचले.

संख्या वाढत गेली तरी रेषा त्याच प्रमाणात वाढत नाही, हाही एक घोळ आहे. सुरुवातीला दुप्पट अणू म्हणजे दुप्पट रेषा. मग रेषेचा तळ काळा होतो, आणखी अणू आले तरी गिळायला प्रकाशच उरत नाही. म्हणून मोजमापाला फार ठळक रेषा कामाच्या नसतात. फिकट, कोवळ्या रेषा निवडतात.

७. सगळे लोखंडाच्याच मागे का लागतात?

कारण त्याच्या रेषा अमाप आहेत. सूर्यासारख्या ताऱ्याच्या दृश्य वर्णपटात त्या शेकड्यांनी सापडतात, फिकट-ठळक, सोप्या-अवघड, लोह-१ आणि लोह-२ दोन्ही. एका रेषेत गफलत झाली तर बाकीच्या ती उघडी पाडतात. शिवाय सूर्यात बत्तीसएक हजार हायड्रोजन अणूंमागे लोखंडाचा एक आहे, म्हणजे जड मूलद्रव्यांच्या मानाने भरपूर. ऑक्सिजन लोखंडाच्या पंधरा पट आहे, पण त्याच्या चांगल्या रेषा बोटांवर मोजण्याएवढ्या.

८. 'एफई/एच उणे दोन' म्हणजे लोखंड उणे कसं असेल?

तेही लॉगच. ताऱ्यातलं लोखंड-हायड्रोजन प्रमाण भागिले सूर्यातलं तेच प्रमाण, आणि त्याचा लॉग. सूर्य शून्यावर. उणे दोन म्हणजे सूर्याच्या शंभरावा हिस्सा, अधिक ०.३ म्हणजे दुप्पट. स्वातीचं उणे ०.५२, म्हणजे सूर्याच्या सुमारे तीस टक्के. हेलियमच्या पुढचं सगळंच खगोलवाल्यांच्या भाषेत 'धातू', अगदी ऑक्सिजनसुद्धा. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना हे ऐकून त्रास होतो, आणि त्यांचं बरोबर आहे.

९. प्रत्यक्ष काम कसं चालतं? पहिल्या दिवसापासून सांगा.

आधी चांगला वर्णपट हवा. ५०० नॅनोमीटरपाशी ०.०१ नॅनोमीटरचा फरक वेगळा दिसला पाहिजे; यालाच विभेदनक्षमता ५०,००० म्हणतात. गोंगाटाच्या मानाने संकेत शंभर पट असावा. त्याच यंत्रातून त्याच रात्री सूर्याचाही वर्णपट घेतात. रात्री सूर्य कुठला? व्हेस्टासारख्या लघुग्रहावर दुर्बीण लावायची. त्याच्यावरून परावर्तित होऊन येतो तो सूर्यप्रकाशच.

मग वर्णपटाची वरची कड ठरवायची, म्हणजे रेषा नसत्या तर प्रकाश किती आला असता ती पातळी. सांगायला एक वाक्य, करायला आठवडा. मी पहिल्यांदा स्वातीवर हात चालवला तेव्हा निळ्या भागातही ही कड नजरेनेच ओढली होती. तिथे रेषांची इतकी दाटी असते की खरी कड कुठेच उघडी पडत नाही. माझी कड खाली बसली, सगळ्या रेषा होत्या त्यापेक्षा फिक्या ठरल्या आणि स्वातीतलं निम्मं लोखंड गायब झालं. तीन दिवस मी प्रोग्रॅममध्ये चूक शोधत होतो. तेव्हापासून राक्षसी ताऱ्याचा निळा भाग मी शेवटी उघडतो.

पुढे प्रत्येक रेषेने किती प्रकाश खाल्ला ते मोजायचं. त्याला समतुल्य रुंदी म्हणतात: रेषेइतकंच क्षेत्रफळ असलेली, तळापर्यंत पूर्ण काळी पट्टी किती रुंद असेल? चांगल्या रेषांची ही रुंदी एक ते दहा पिकोमीटर. शेजारची दुसरी रेषा चिकटली असेल तर ती सोडून द्यायची. लोभ करायचा नाही.

मग येतं ताऱ्याच्या वातावरणाचं प्रतिमान, म्हणजे ते वातावरण गणितात उभं करणं. कुरुक्झ यांची ॲटलास किंवा उप्साला इथली मार्क्स ही आधीच करून ठेवलेल्या प्रतिमानांची जाळी बहुतेक जण वापरतात, आणि रेषांचं गणित स्नेडन यांच्या मूग या प्रोग्रॅममध्ये. (हो, नाव मूगच. खिचडीचा विनोद करून झालेला आहे.) तापमान, गुरुत्व, धातूंचं प्रमाण आणि प्रश्न १० मधली खळबळ, असे चार आकडे अंदाजाने घालायचे आणि प्रत्येक रेषेवरून लोखंड किती येतं ते पाहायचं. कमी ऊर्जेच्या आणि जास्त ऊर्जेच्या रेषा वेगळं उत्तर देत असतील तर तापमान चुकलं. लोह-१ आणि लोह-२ भांडत असतील तर गुरुत्व चुकलं. फिकट आणि ठळक रेषांत फरक असेल तर खळबळ चुकली. एक आकडा हलवला की बाकीचे तीन बिघडतात, म्हणून पुन्हा पहिल्यापासून. चार पायांच्या डुगडुगत्या टेबलाखाली कागदाच्या घड्या घालत बसावं तसं हे काम आहे.

लोखंडाचं टेबल स्थिर झालं की मगच बाकीची मूलद्रव्यं. तीन आकडे आधी पक्के करून रसायन नंतर काढू असा क्रम पुस्तकात बरा दिसतो. प्रत्यक्षात चारही एकत्रच सुटतात किंवा एकत्रच चुकतात.

१०. ही 'सूक्ष्म खळबळ' खरी असते की आकडे जुळवायची युक्ती?

थोडं दोन्ही. वायूचे लहान लहान लोट वर-खाली जात असतात, त्यामुळे ठळक रेषा जास्त प्रकाश खातात. साध्या एकमितीय प्रतिमानात हे लोट नसतात, म्हणून सेकंदाला एक-दोन किलोमीटर असा एक वेग बाहेरून घालतात. त्रिमितीय प्रतिमानात लोट आपोआप येतात आणि हा आकडा लागत नाही. मी त्याला युक्तीच म्हणतो, पण उपयोगी युक्ती.

११. इतकं करून उत्तर कितपत भरवशाचं?

एकट्या वर्णपटावरून काढलेल्या लॉग जी मध्ये ०.१ ते ०.२ इकडेतिकडे धरून चाला. ०.१ म्हणजे गुरुत्वात पंचवीस टक्के. तापमान १०० केल्विनने चुकलं तर सूर्यासारख्या ताऱ्यात लोह-१ वरून येणारं उत्तर (हेही लॉगमध्ये) साधारण ०.०७ ने हलतं. लॉग जी ०.१ ने चुकला तर लोह-२ चं ०.०४ च्या आसपास. सूर्याशी अगदी मिळताजुळता तारा असेल आणि रेषेला रेष लावून फक्त फरक मोजला, तर ०.०१ पर्यंत जाता येतं, कारण दोन्हीकडच्या चुका सारख्याच असतात आणि वजाबाकीत उडून जातात.

पेपरात छापलेली त्रुटी आणि खरी त्रुटी यांत फरक असतो हेही ध्यानात ठेवा. दोन गट एकाच ताऱ्याला ०.०५ त्रुटीसह ०.१५ ने वेगळे आकडे देतात, हे नेहमीचं आहे.

१२. गुरुत्व वर्णपटाशिवाय तपासून पाहता येतं का?

येतं, आणि शक्य असेल तेव्हा पाहावंच. पराशयावरून (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा किंचित सरकलेला दिसतो त्यावरून) अंतर, अंतरावरून खरी दीप्ती, दीप्ती आणि तापमानावरून त्रिज्या, वस्तुमान ताऱ्यांच्या उत्क्रांतीच्या आलेखांवरून, झालं गुरुत्व. ताऱ्यांची अंतरं मोजणाऱ्या गाया उपग्रहानंतर हा रस्ता हमरस्ता झाला.

दुसरा रस्ता मला जास्त आवडतो. तारे कंप पावतात. सूर्याचे कंप पाच मिनिटांच्या आसपासचे, फुगलेल्या राक्षसी ताऱ्याचे तासांचे, कधी दिवसांचे. सर्वांत जोरकस कंप कोणत्या वारंवारतेला आहेत ते थेट गुरुत्वावर अवलंबून असतं. केपलर दुर्बिणीने ताऱ्यांच्या तेजातली ही थरथर टिपली, आणि त्यावरून लॉग जी ०.०१ ते ०.०३ इतका नेमका मिळतो. वर्णपटाच्या दहापट बरा.

गंमत अशी की, धातू फार कमी असलेल्या ताऱ्यांत हे रस्ते आणि प्रश्न ५ मधला समतोल एका जागी पोचत नाहीत. समतोलातून गुरुत्व कमी येतं. कारण त्या गणितात धरलेलं असतं की अणूंची अवस्था टकरींवरून, म्हणजे तिथल्या तापमानावरून ठरते. धातू कमी असले की खालून येणारा अतिनील प्रकाश अडवायला फारसं कोणी नसतं. तो थेट लोह-१ चे इलेक्ट्रॉन उडवतो. लोह-१ दिसतं कमी, आणि आपण दोष गुरुत्वाला देतो. अशा ताऱ्याला समतोलावरून काढलेला लॉग जी कोणी सांगितला, तर त्यात ही दुरुस्ती केली का, एवढं नक्की विचारा.

१३. निदान सूर्याचं रसायन तरी पक्कं माहीत आहे ना?

असं वाटत होतं. १९८९ च्या तक्त्यात सूर्याच्या ऑक्सिजनचा आकडा ८.९३ होता, म्हणजे हायड्रोजनचे अणू दहाच्या १२ व्या घाताएवढे धरले तर ऑक्सिजनचे दहाच्या ८.९३ व्या घाताएवढे. १९९८ मध्ये ८.८३. २००९ मध्ये त्रिमितीय प्रतिमानं वापरून ८.६९. वीस वर्षांत ऑक्सिजन जवळजवळ निम्म्यावर आला, सूर्य होता तिथेच आहे. ज्या ६३० नॅनोमीटरच्या रेषेवर भिस्त होती तिच्यात निकेलची एक रेषा लपलेली निघाली, हे त्यामागचं एक कारण.

आणि नवा आकडा घेतला तर सूर्याच्या कंपनांवरून कळलेली अंतर्रचना प्रतिमानाशी जुळत नाही. जुना घेतला तर बरी जुळत होती. हा वाद मिटलेला नाही. प्रश्न ८ मधला एफई/एच सूर्याच्या तुलनेत असल्यामुळे, तो वाचताना कोणता सूर्य वापरलाय हे बघायची सवय लावा.

१४. हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला ना?

सिंधुदुर्गातल्या मंडळींची आधीच माफी मागतो. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं आणि सूर्याच्या ज्वाळांमधली तेजस्वी पिवळी रेषा तेव्हा नोंदली गेली, हे खरं. जान्सेन गुंटूरला होते, धाकटे हर्शेल जमखंडीला. ज्यांचं नाव या शोधासाठी विजयदुर्गाशी जोडतात ते लॉकियर मात्र तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी २० ऑक्टोबर १८६८ ला ग्रहणाशिवायच ज्वाळांचा वर्णपट घेतला, आणि ती पिवळी रेषा सोडियमची नसल्याचं, ५८७.६ नॅनोमीटरवर असल्याचं त्यातून पुढे आलं. विजयदुर्गावर लॉकियर आले ते २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. किल्ल्यातला 'साहेबाचा ओटा' ही त्याची आठवण. तोवर, १८९५ मध्ये, रॅम्सींनी हेलियम पृथ्वीवरही शोधलेला होता. त्याच १८९८ च्या ग्रहणाला पुण्याचे खगोलज्ञ नायगमवाला जेऊरला वेध घेत होते. त्यांची आठवण कोणी काढत नाही.

प्रश्न ६ शी याचा संबंध आहे. सूर्यात दुसऱ्या क्रमांकाचं मूलद्रव्य हेलियम, पण दृश्य पृष्ठभागाच्या वर्णपटात त्याची नेहमीची शोषणरेषा उमटत नाही. त्याला लागणारी ऊर्जा तिथे नाही. सूर्यातला हेलियम मोजावा लागतो तो कंपनांवरून.

१५. हे घरी करता येईल का? आणि भारतात हे काम कुठे होतं?

रेषा पाहणं, हो. जुनी डीव्हीडी सोलून तिचा पारदर्शक तुकडा घ्या. त्यावर मिलिमीटरला सुमारे १,३५० खाचा असतात. चपलांच्या खोक्याला एका टोकाला दोन दाढीच्या ब्लेडांमध्ये केसाएवढी फट, दुसऱ्या टोकाला तो तुकडा तिरका. उन्हाने उजळलेल्या पांढऱ्या भिंतीकडे फट धरा. सूर्याकडे कधीच नाही. सोडियमची आणि मॅग्नेशियमची काळी रेषा दिसते. पहिल्यांदा दिसते तेव्हा माणसं खोकं हलवून 'धूळ आहे का' बघतात.

सहा इंची दुर्बिणीला मिलिमीटरला शंभर रेषा असलेली, प्रकाश रंगांत फोडणारी जाळी लावली तर अभिजितमधला हायड्रोजन आणि आर्द्रेतले टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे सहज टिपता येतात. गुरुत्व किंवा रसायनाचे आकडे त्यातून निघणार नाहीत.

भारतात कावलूरची २.३४ मीटरची वेणू बाप्पू दुर्बीण आणि लडाखमध्ये हान्ले इथे ४,५०० मीटर उंचीवरची दोन मीटरची 'हिमालयन चंद्रा' दुर्बीण, या दोन ठिकाणी लागतील तसे बारकाईचे वर्णपट घेतले जातात. जुन्नरच्या बाजूला पुण्याच्या आयुका या संस्थेची गिरवली वेधशाळा आहे, तिच्या दोन मीटरच्या दुर्बिणीवरचं यंत्र कमी विभेदनाचं. दुर्बीण मिळेपर्यंत थांबू नका: सूर्य आणि स्वाती यांचे तपशीलवार वर्णपट मोफत मिळतात. माझ्या मते शिकायचं असेल तर तिथूनच सुरुवात करावी.

१६. आता लाखो तारे संगणक मोजतो. मग हातानं मोजायची गरज काय?

अपोजी या सर्वेक्षणाने साडेसहा लाख ताऱ्यांचे अवरक्त वर्णपट घेतले, गायाने २०२२ मध्ये सुमारे ५६ लाख ताऱ्यांचे वर्णपटावरून काढलेले आकडे जाहीर केले. हे हाताने शक्यच नाही. पण यंत्र शिकतं कशावरून? 'द कॅनन' या पद्धतीने (हे नाव हार्वर्डच्या ॲनी कॅननबाईंवरून) २०१५ मध्ये शिकायला वापरले ५४२ तारे, आणि त्यांचे आकडे कोणीतरी जुन्या पद्धतीने काढलेले होते. आणखी एक खोच. मॅग्नेशियम जास्त असलेल्या ताऱ्यात सिलिकॉनही बहुधा जास्त असतं हे यंत्राला कळलं, की ते सिलिकॉनची रेषा न बघताच सिलिकॉन सांगून मोकळं होतं. बहुतेकदा बरोबरही येतं. ज्या विचित्र ताऱ्यासाठी आपण शोध घेत असतो, नेमका तिथे चुकतं.

१७. अभिजितसाठी वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं गुरुत्व दिलंय. बरोबर कोणतं?

प्रश्न चुकीचा आहे, तुम्ही नाही. अभिजित स्वतःभोवती सेकंदाला सुमारे दोनशे किलोमीटर वेगाने फिरतो, त्यामुळे मधे फुगला आहे. फुगीर भागात गुरुत्व कमी आणि तापमानही कमी. ध्रुवाकडे दोन्ही जास्त. त्याचा ध्रुव जवळपास आपल्याकडेच वळलेला असल्याने फिरण्याने रेषा फारशा पसरत नाहीत आणि तारा शांत वाटतो. ज्याच्या तेजाला शून्य प्रत धरून बाकीच्या ताऱ्यांचं तेज मोजलं, तोच तारा असा निघाला. अशा ताऱ्याला एक लॉग जी देणं म्हणजे सह्याद्रीला एक उंची देण्यासारखं.

१८. वर्णपटात दिसतं ते पृष्ठभागाचं रसायन. तेच आख्ख्या ताऱ्याचं, असं धरायचं का?

सूर्यासारख्या ताऱ्यात बहुतेक मूलद्रव्यांपुरतं, जवळपास. लिथियमसाठी मुळीच नाही: उल्कांमध्ये आहे त्याच्या दीडशेव्या हिश्श्याहून कमी सूर्याच्या पृष्ठभागावर उरलंय, कारण ते पंचवीस लाख केल्विनलाच जळून जातं.

व्याधात लोखंड सूर्याच्या दुप्पट-तिप्पट दिसतं, स्कँडियम मात्र कमी. तो असा जन्मला नाही. त्याचं वातावरण इतकं निवांत आहे की काही अणू गुरुत्वाने हळूहळू खाली बसतात आणि काहींना प्रकाशाचा दाब वर उचलून धरतो. श्वेत बटूत तर जड मूलद्रव्यं खाली बुडून फक्त हायड्रोजन किंवा हेलियम उरावा. तरीही कित्येकांत कॅल्शियम दिसतं. तो चुरा झालेल्या ग्रह-लघुग्रहांचा ताजा वर्षाव.

उलट उदाहरण टेक्नेशियमचं. पॉल मेरिल यांना १९५२ मध्ये काही राक्षसी ताऱ्यांत त्याच्या रेषा सापडल्या. त्याचा सर्वांत टिकाऊ समस्थानिकही सुमारे बेचाळीस लाख वर्षांत निम्मा होतो, आणि हे तारे त्याहून कितीतरी म्हातारे. म्हणजे ते मूलद्रव्य आतल्या भट्टीत अलीकडेच तयार होऊन वर आलेलं.

१९. आकडे काही केल्या जुळत नाहीत. काय तपासू?

तारा जुळा आहे का ते. दोन ताऱ्यांचे वर्णपट एकमेकांवर पडले की दुसऱ्याच्या प्रकाशाने पहिल्याच्या रेषा फिक्या वाटतात आणि धातू कमी निघतात. महिन्याभराने पुन्हा वर्णपट घ्या, रेषा सरकल्या का बघा. त्यानंतर प्रश्न ९ मधली वरची कड.

२०. लोखंडाची एकही रेषा सापडली नाही तर?

असा तारा आहे. एसएमएसएस जे०३१३-६७०८, २०१४ मध्ये जाहीर झाला. लिथियम, कार्बन, मॅग्नेशियम, कॅल्शियम सापडलं, लोखंड नाही. याचा अर्थ लोखंड शून्य असा लावता येत नाही. गोंगाटात बुडून जाईल अशी मोठ्यात मोठी रेषा किती, ते काढायचं आणि 'लोखंड यापेक्षा कमी' एवढंच सांगायचं. तेव्हा ती मर्यादा आली उणे ७.१, म्हणजे सूर्याच्या एक कोटीव्या हिश्श्याहूनही कमी.

लोखंडच नाही म्हटल्यावर प्रश्न ५ चा समतोलही नाही. तापमान आणि गुरुत्व हायड्रोजनच्या रेषांवरून आणि एकूण प्रकाश रंगांत कसा वाटला गेलाय त्यावरून काढावं लागतं. पुढे २०१७ मध्ये त्रिमितीय प्रतिमान घेऊन आणि प्रश्न १२ मधली अतिनील प्रकाशाची दुरुस्ती करून गणित पुन्हा झालं, तेव्हा मर्यादा उणे ६.५ वर आली. जवळजवळ चौपट. लोखंडाची रेषा तेव्हाही दिसलेली नव्हती.